कोपऱ्यातला घास

या सदरातले अनुभव मी गेली चार वर्षं वाचते आहे, आणि आज कबूलच करते — बहुतेक वेळा हसायलाच वाचते. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात… दुपारी डबा खाताना मी हे मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. खाली तिरकस प्रतिक्रिया लिहिणारी 'उज्वला' आठवत असेल, तर ती मीच. आता माझी पाळी आली आहे. खुशाल हसा, माझी हरकत नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. अठरा वर्षं झाली. आलेला माल मोजायचा, मापात बसत असेल तर पास, नसेल तर रिजेक्ट. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही, आणि हा स्वभाव फक्त कारखान्यापुरता आहे असंही नाही. घरी विचाराल तर आम्ही बौद्ध. नाशिकरोडच्या कॉलनीत मी आणि आई, दोघीच राहतो. घरात देव नाही, भूत नाही, लिंबू-मिरची नाही. चौकात कुणीतरी उतरवून ठेवलेला नारळ आईने एकदा सरळ उचलून घरी आणला, फोडला आणि त्याची चटणी केली. छान झाली होती.

अशा बाईची एकच खोड मला कधी कळली नाही. ती पानात शेवटचा घास ठेवते. रोज. पोळी असो, भाकरी असो, भात असो, एक घास उरवायचाच. मी लहानपणापासून यावरून भांडत आले आहे. अन्न टाकू नये हे तिनेच मला शिकवलं, आणि स्वतः मात्र रोज एक घास बाजूला! विचारलं की म्हणायची, "राहू दे गं, पोट भरलं." माझी आई बासष्ट वर्षांची आहे, आणि मी चाळीस वर्षांत तिचं ताट कधी रिकामं पाहिलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तर एप्रिलमधला शनिवार. आईचा चष्मा पायाखाली येऊन मोडला होता, म्हणून मी सुट्टी टाकून तिला कॉलेज रोडच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, काचा चार वाजता मिळतील. तेव्हा वाजला होता दीड. ऊन असं की रिक्षाच्या सीटवर बसवेना. नाशिकरोडला जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता. मला आठवलं, गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका बंगल्यात छोटं कलासंग्रहालय आहे. चित्रकलेचे एक मास्तर होते, आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी जमवलेल्या वस्तू आणि स्वतःची जलरंगातली चित्रं त्यांच्या मुलांनी तिथे मांडली आहेत. आत गारवा असेल एवढाच माझा विचार. कला वगैरे नंतर.

"काय बघायचंय तिथं?" आई पायऱ्या चढता चढता कुरकुरली. "मला दिसतंय का काई?"

"बसायला बाक आहेत, पंखा आहे. चल."

खरंच तिला फारसं दिसत नव्हतं. गोदावरीचे घाट, धुकं, होड्या अशी सुंदर चित्रं मी तिला एकेक करून सांगत होते आणि ती "बरं" म्हणत होती. आमच्याशिवाय आत कुणी नव्हतं. दारात सखाराम नावाचे एक वयस्कर वॉचमन, आणि आतल्या टेबलाशी संग्रहालय सांभाळणारी मुलगी, सायली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, जुन्या कापडांची निगा राखण्याचं शिक्षण घेतलेली.

मागच्या खोलीत लोककलेचा विभाग होता. मुखवटे, एक कोरीव जातं, आणि एका लाकडी चौथऱ्यावर अंथरलेली गोधडी. पुढे दोरी, दोरीला पाटी — हात लावू नये. मी एक मुखवटा बघायला थांबले. वळून पाहते तर आई दोरीवरून वाकून गोधडीवर तळहात फिरवते आहे!

"मावशी! अहो, हात नका लावू…" सायली धावतच आली.

"आई, पाटी लावलीये ना!"

"चष्मा कुठाय मला पाटी वाचायला?" आई म्हणाली, पण हात काढला नाही. एका टोकापासून ती टाक्यांवरून बोटं नेत होती, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. मग एकदम थांबली. "उजे, हे टाके कुणीकडं चाललेत बघ."

मी पाहिलं. मला काही कळलं नाही. सायलीला मात्र कळलं. "उलटे आहेत," ती हळूच म्हणाली. "बाकी गोधड्यांत टाके एका बाजूने फिरत आत येतात, हिच्यात बरोबर विरुद्ध बाजूने. मला वाटतं ही शिवणारी बाई…"

"डावरी व्हती," आई म्हणाली. "इथं निळं फडकं हाय का? पांढऱ्या ठिपक्याचं?"

आईच्या बोटाच्या वीतभर पुढे होतं. निळ्या कापडाचा पंजाएवढा तुकडा, त्यावर विटलेले पांढरे ठिपके.

"माझा फ्रॉक हाय तो. ही आक्काची गोधडी हाय."

भिंतीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं — गोधडी, सिन्नर परिसर, कलाकार अज्ञात. सायलीने सांगितलं की मास्तरांनी ती सिन्नरच्या बाजारात एका बोहारणीकडून घेतली होती. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बाईकडून! तिच्याकडे कुठून आली, कुणालाच माहीत नाही.

आक्का म्हणजे माझी मावशी, शेवंता. मी तिला पाहिलेलं नाही. सायखेड्याला आईचं माहेर, आक्का सगळ्यांत मोठी, आई सगळ्यांत धाकटी. आक्का सिन्नरकडच्या एका गावात दिली होती आणि लग्नानंतर वर्षभरातच तापाने गेली, एवढंच मला माहीत. आई तिच्याबद्दल कधीच बोलायची नाही. तिचा फोटोसुद्धा नाही.

सायलीला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. 'अज्ञात'च्या जागी नाव मिळणार म्हटल्यावर तिने आम्हाला आत बोलावलं, हातमोजे घालून गोधडी उचलली, मोठ्या टेबलावर पसरली, आईला खुर्ची दिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्हाला एक विचारू? ही इतकी घट्ट शिवलेली आहे, कुठे एक टाका उसवलेला नाही. फक्त हा कोपरा. तो सारखा उघडतो. मी आजवर तीन वेळा शिवला. चांगला दोरा, दुहेरी गाठ. दहा-पंधरा दिवसांत परत उघडा. दोरा तुटलेलाही नसतो, नुसता बाजूला पडलेला असतो."

तिने मोबाईलवर फोटो दाखवले. शिवलेला कोपरा, उघडा कोपरा, परत शिवलेला, परत उघडा. मी मनात म्हटलं, गाठ नीट मारत नसेल. आजकालच्या मुली!

"आत काय हाय?" आईने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"काहीच नाही. आज सकाळीच टॉर्च लावून, चिमटा घालून पाहिलं. जुन्या कापडाचे थर आहेत फक्त."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याची बाटली काढली तर तिने ती बाजूला सारली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागली. जे तिने माझ्या बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या मुलीसमोर सांगितलं.

"गोधडी पुरी करताना शेवटचा कोपरा चार बोटं उघडा ठिवायचा. त्यात भाकरीचा एक घास घालायचा अन् मग शिवायचा. गोधडीचं पोट भरलं पायजे. आमच्यात तो घास घरातल्या धाकल्या पोरीनं घालायचा."

आजीने देव सोडले होते, गोधडीला जेवू घालणं सोडलं नव्हतं. गोधडी उपाशी राहिली तर ती पांघरणाऱ्यालाच खाते, असं ती पोरींना सांगायची.

"बहात्तर साल व्हतं. आक्का दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची अन् सांजच्याला दारात बसून ही शिवायची, सासरी न्यायला. रेशनला लाल मिलो मिळायची, ती अमेरिकेची ज्वारी. तिची भाकरी धड थापायलाबी यायची नाय, तुटायची. आम्ही सात खाणारे अन् भाकऱ्या चार. आक्कानं तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा घास तोडला, माझ्या हातात दिला. म्हणली, घाल. अन् ती सुईत दोरा ववायला वळली."

आईने टेबलावरचा हात उघडून तळव्याकडे पाहिलं.

"मी हात आत घातला… अन् तसाच बाहेर काढून घास तोंडात टाकला. लय भूक लागली व्हती. आक्कानं विचारलं, टाकला का? म्हणलं, टाकला. तिनं कोपरा शिवला. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, अन् पुढच्या पावसाळ्यात ती ह्याच गोधडीत गेली. निरोप घेऊन आला तो माणूस म्हणत व्हता, थंडी वाजतीया म्हणत व्हती, किती पांघरलं तरी ऊब यीना."

मी म्हटलं, "आई, ताप होता तो. तेव्हा औषध मिळालं नसेल. तू आठ वर्षांची होतीस."

"मला कळत नाय व्हय?" ती माझ्यावर खेकसली. "मी काय येडी हाय? ताप व्हता, माहीत हाय मला. पन घास मीच खाल्लाय ना!"

पानात उरवलेला रोजचा तो घास कुणासाठी होता ते मला तेव्हा समजलं. त्यावरून मी तिला काय काय बोलले होते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी उगाच पर्समध्ये रुमाल शोधत बसले. सायली तर उघडच रडत होती.

"रिकामाच असणार," असं म्हणत आईने त्या कोपऱ्यात दोन बोटं घातली.

आता पुढचं मी जसं घडलं तसं लिहिते. वेळ दोन वाजून पन्नास मिनिटं, कारण भिंतीवरचं घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं. लाईट होती. उजेड भरपूर. मी आईपासून हातभर अंतरावर, सायली टेबलाच्या पलीकडे. आईने अर्ध्या बाह्यांचं पोलकं घातलं होतं आणि तिचे दोन्ही हात कधीपासून टेबलावर होते.

तिची बोटं आत थांबली. मग तिने हात सावकाश बाहेर काढला, आणि तिच्या चिमटीत भाकरीचा घास होता.

वाळलेला खडा नव्हता तो, की बुरशी आलेला तुकडा नव्हता. मऊ घास होता, तांबूस रंगाचा, कडेला तव्यावरचा काळा डाग. आईने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि तो कोमट होता. मी रोज शंभर वस्तू हातात घेते, गरम-गार मला कळतं. तव्यावरून काढून पाच मिनिटं झाली असावीत इतका कोमट! आणि वास… चुलीच्या धुराचा, किंचित करपलेल्या पिठाचा वास त्या खोलीत असा पसरला की सखारामकाका दारातून उठून आत आले. टेबलावर काय आहे हे त्यांना दिसतही नव्हतं.

"मॅडम, भाकऱ्या कुठं चालल्यात?" त्यांनी विचारलं. "लय झ्याक वास सुटलाय."

ते इकडेतिकडे बघून, डोकं खाजवून परत गेले.

सायली खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून उभी होती. "सकाळी नव्हतं," ती एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "ताई, शपथ, सकाळी काही नव्हतं."

"मिलो हाय ही," आई म्हणाली.

भीती वाटली का, असं मला नंतर दोघी-तिघींनी विचारलं. नाही वाटली. एकदा लहानपणी बाबांनी मला गंगापूर धरणाचे दरवाजे उघडतात ते बघायला नेलं होतं. ते पाणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाबांचा हात सोडून गप्प उभी राहिले होते. तसं काहीतरी झालं. आपण किती लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

आईने घास माझ्या हातातून परत घेतला. बराच वेळ तळहातावर धरून बसली. मग तिचा हात वर आला, तोंडाजवळ गेला. मला वाटलं ती खाणार. खरं सांगते, मलाही त्या वासाने तोंडाला पाणी सुटलं होतं. तिचे ओठ उघडलेसुद्धा. बासष्ट वर्षांची माझी आई त्या क्षणी आठ वर्षांची दिसत होती, आणि मी तिला खा म्हणणार होते. खाऊन टाक गं, भूक लागली होती ना तुला.

पण तिने हात खाली नेला. घास कोपऱ्यात घातला, पार आत, मनगटापर्यंत हात घालून. रिकामा हात बाहेर काढला आणि बोटं पसरून समोर धरला, कुणाला तरी दाखवल्यासारखा.

"टाकला गं आक्का," ती म्हणाली. "बघ. आता टाकला."

मग सायलीकडे वळून म्हणाली, "पोरी, सुई हाय का?"

बाहेरच्या माणसाला वस्तूवर टाका घालू द्यायचा नसतो, हा तिथला नियम. सायलीने तो मोडला. मी सुईत दोरा ओवून दिला, कारण आईला भोक दिसेना. शिवणं तिने बोटांनी चाचपूनच केलं. मी बघत होते — माझी आई उजव्या हाताची आहे, पण तो कोपरा तिने डाव्या हाताने शिवला. टाके उलट्या बाजूने गेले, आक्काच्या टाक्यांत मिसळून. नंतर विचारलं तर म्हणाली, कुठल्या हातानं शिवलं मला ठावं नाय.

माझा धंदा काय, तुम्हाला माहीत आहे. संशय आला की सॅम्पल काढून ठेवायचं. त्या घासाचा एक कण मी कागदात बांधून घेतला असता तर आज लॅबचा रिपोर्ट इथे चिकटवता आला असता. कण माझ्या तळहाताला चिकटलेला होताही. मी तो कोपरा बंद व्हायच्या आत परत आत टाकला. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी सॅम्पल ठेवलं नाही.

बाकी चौकशी मात्र सगळी केली, नाहीतर मला झोप लागली नसती. रविवार कारंज्याजवळच्या दोन धान्यवाल्यांना लाल मिलो मागितली. एकाला शब्दच माहीत नव्हता. दुसऱ्या दुकानातले म्हातारे शेठ हसले आणि म्हणाले, बाई, ती त्या दुष्काळाबरोबर गेली, आता कुठे मिळणार? संग्रहालयात स्वयंपाकघर नाही. सायली पोळी-भाजीचा डबा आणते, सखारामकाका दुपारी घरी जेवायला जातात. आम्ही त्या दिवशी तिथे जाणार हे दुकानदाराने काचांना उशीर होईल असं सांगेपर्यंत आम्हालाही ठाऊक नव्हतं.

घास तेव्हा आक्कानेच दुसरा घातला असेल का? धाकटीच्या गालात घास आहे हे तिला दिसलं असेल, आणि ओरडण्याऐवजी तिने गुपचूप आपल्या वाटणीतला तोडून घातला असेल? मला तसं वाटतं. आईलाही तसं सांगितलं. पण मग तो सकाळच्या टॉर्चला का दिसला नाही? पन्नास वर्षांनंतर मऊ कसा? कोमट कसा? यातलं काहीही मला सांगता येत नाही. मी आजही नारळाची चटणीच करीन, पैंजणवाल्या गोष्टींना आजही हसेन. पण या एका गोष्टीपुढे मी पासही लिहू शकत नाही आणि रिजेक्टही.

सायलीचा अधूनमधून फोन येतो. चिठ्ठीवर आता 'शेवंता, सायखेडा' असं नाव आहे. आई नवा चष्मा लावून ते वाचून आली, दोनदा. कोपरा परत उघडलेला नाही. एकदा सायलीने विचारलं, "ताई, दोनच टाके उसवून आत बघू का?" मी नको म्हटलं. तिलाही तेच हवं होतं असं वाटलं.

त्या दिवशी चष्मा घेऊन घरी पोचायला सहा वाजले. दोघी दमलो होतो. मी भाकऱ्या केल्या, बाजरीच्या, आणि पिठलं. आई समोर बसून जेवत होती, मी मुद्दाम तिच्या ताटाकडे बघत नव्हते. जरा वेळाने नजर गेलीच. ताट रिकामं होतं. बोटाने पिठलंही पुसून खाल्लेलं. मी तशीच बघत राहिले, तर आई नव्या चष्म्यातून माझ्यावर डाफरली.

"बघत काय बसलीस? अर्धी अजून वाढ."